म्हैस अचानक आटली? आधी खुराकातलं बाजरीचं मातेरं तपासा

खळ्यावर बाजरी चाळून झाली की स्वच्छ दाणा पोत्यात जातो. चाळणीवर उरलेलं काळंबेरं, फोलकट, मातीत मिसळलेला दाणा ढोरांच्या घमेल्यात जातो. खान्देशात शिंदखेड्यापासून पारोळा-अमळनेरपर्यंत हीच रीत आहे. धान्याचा कण वाया जाऊ नये ही भावना योग्यच आहे, पण अरगट नावाची बुरशी नेमकी या मातेऱ्यातच गोळा होते.

हिशेब करून पाहा. एका क्विंटल बाजरीत १०० ग्रॅम अरगट असेल तर ते प्रमाण ०.१ टक्का झालं. ही बाजरी चाळून-पाखडून ४ किलो मातेरं निघालं आणि सगळं अरगट त्यात उतरलं, तर मातेऱ्यातलं प्रमाण अडीच टक्के होतं, म्हणजे पंचवीस पट. रोज किलोभर मातेरं खाणाऱ्या म्हशीच्या पोटात २५ ग्रॅम अरगट जातं. घरातली माणसं खातात ती भाकरी चांगली लागते, म्हणून बाजरीवर कुणाला संशय येत नाही.

आपल्याकडे याला वेळेचीही साथ मिळते. खरिपाची बाजरी पोळ्याच्या आसपास फुलोऱ्यात येते आणि दसऱ्याच्या सुमारास खळ्यावर असते. म्हशी बहुतेक पावसाळ्याच्या शेवटापासून हिवाळ्यापर्यंत वितात. नवी बाजरी घरात येते तेव्हाच गोठ्यात एकतर शेवटच्या महिन्यातली गाभण म्हैस असते, नाहीतर नुकती व्यायलेली. अरगटचा सगळ्यात मोठा फटका याच दोघींना बसतो.

अरगट होतं कसं

बाजरीवर क्लॅव्हिसेप्स फ्युसिफॉर्मिस ही बुरशी येते. ज्वारीवर क्लॅव्हिसेप्स आफ्रिकाना आणि क्लॅव्हिसेप्स सोर्घी या तिच्या बहिणी. बुरशीचे बीजाणू फुलाच्या स्त्रीकेसरातून आत शिरतात. परागकण आधी पोहोचला तर स्त्रीकेसर सुकतो आणि बुरशीला वाट उरत नाही. म्हणून सगळा खेळ फुलोऱ्याच्या त्या चार-सहा दिवसांचा असतो. आभाळ भरलेलं, दिवसभर झिमझिम, तापमान २० ते ३० अंश, हवेत ८० टक्क्यांच्या वर ओल असं हवामान लागून राहिलं की पराग धुऊन जातो आणि बुरशीचं फावतं. उन्हाळी बाजरीत हा त्रास फार कमी दिसतो, कारण कोरड्या उन्हात बुरशीला रुजायला सवडच मिळत नाही.

लागण झाल्यावर साधारण आठवडाभरात कणसातून गुलाबीसर किंवा मळकट पांढरे, मधासारखे चिकट थेंब बाहेर येतात. त्यावर मुंग्या-माश्या जमतात आणि रोग पुढच्या कणसांवर नेतात. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत त्या फुलाच्या जागी दाण्याऐवजी कडक, गडद तपकिरी ते काळा, टोकदार दाणा तयार होतो. विष मुख्यतः या काळ्या दाण्यातच असतं.

ज्वारीत एक घोळ नेहमी होतो. 'चिकटा पडला' असं आपण दोन वेगळ्या गोष्टींना म्हणतो. मावा पडला की पानं तेलकट, चकचकीत दिसतात आणि पानाच्या खालच्या बाजूला कीड हाताला लागते. तो चिकटा वेगळा. अरगटचा चिकटा थेट कणसातल्या फुलांमधून ओघळतो, खालच्या पानांवर आणि मातीवर टपकतो आणि ओल्या हवेत त्यावर पांढरी साय धरते. कणीस मुठीत धरून पाहा. बोटं चिकटली आणि कणसावर मावा नसेल तर ते अरगट आहे.

जनावरात काय दिसतं

अरगट म्हटलं की खूर गळालेलं, शेपटीचं टोक झडलेलं जनावर डोळ्यांसमोर येतं. ते चित्र राय (गव्हासारखं एक धान्य) आणि गव्हावरच्या अरगटचं आहे. त्यात एर्गोटामिनसारखी द्रव्यं असतात आणि ती पायांच्या, कानांच्या रक्तवाहिन्या आवळतात. बाजरीच्या अरगटमध्ये अॅग्रोक्लॅव्हिन, एलिमोक्लॅव्हिन, चॅनोक्लॅव्हिन ही द्रव्यं असतात आणि ज्वारीच्या अरगटमध्ये मुख्यतः डायहायड्रोएर्गोसिन. यांचा पहिला घाव दुधावर पडतो. झिम्बाब्वेत बाजरीचं अरगट खाऊन डुकरिणींचं दूध पार आटल्याची नोंद आहे. ऑस्ट्रेलियात १९९६ मध्ये ज्वारीचं अरगट पोहोचलं आणि त्यानंतर तिथं डुकरिणी आणि गाई दोन्हींचं दूध घटलेलं दिसलं. त्यामुळे खान्देशातल्या गोठ्यात खुराची वाट पाहत बसू नका, दुधाच्या मापाकडे लक्ष ठेवा.

दूध का आटतं हे कळलं की पुढची एक मोठी चूक टळते. कासेत दूध तयार होण्यासाठी मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन यावं लागतं. अरगटमधली द्रव्यं ते प्रोलॅक्टिन रोखतात, म्हणजे दूध तयारच होत नाही. अशा वेळी पान्हा सोडायचं इंजेक्शन टोचून उपयोग नसतो, कारण ते फक्त कासेत असलेलं दूध उतरवतं. कासेत काही नसेल तर उतरणार काय? दूध कमी झालं म्हणून इंजेक्शन आणि अंगात ताकद यावी म्हणून बाजरीचा खुराक वाढवला, की दुहेरी नुकसान होतं.

लक्षणं अशी ओळखा. नवा खुराक सुरू केल्यापासून काही दिवसांत दूध घसरतं. कास मऊ, लहान, सैल असते. गरम नसते, दुखत नाही, दुधात गाठी नसतात. खुराक घमेल्यात उरू लागतो. शेवटच्या महिन्यात गाभण जनावराने हे खाल्लं असेल तर व्यायच्या वेळी कास भरतच नाही आणि वासराला-पारडाला चीक मिळत नाही. प्रमाण जास्त असेल तर गुंगी, झोकांड्या, लाळ, पातळ शेण ही लक्षणंही दिसतात.

उन्हाळ्यात वेगळं रूप येतं. भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ च्या घरात जातो तेव्हा साठवलेल्या मातेऱ्याचा भरडा खाणारं जनावर इतरांपेक्षा जास्त धापतं, सावली सोडत नाही, पाण्यात नाहीतर ओल्या चिखलात उभं राहतं. अंगातली उष्णता बाहेर टाकायची त्याची ताकदच कमी झालेली असते. बाकीची ढोरं ठीक आहेत आणि खुराकावरचीच तेवढी धापतात, अशी विभागणी दिसली तर उन्हाला दोष देण्याआधी खुराक पाहा. गायीचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. सकाळच्या गारव्यातसुद्धा ते १०४ च्या वर राहत असेल तर डॉक्टरांना तसं सांगा.

धान्यात ओळखायचं कसं

पांढऱ्या कपड्यावर किंवा स्टीलच्या ताटात मूठभर दाणा पसरा. बाजरीचा दाणा गोलसर, राखाडी आणि गुळगुळीत असतो. अरगटचा दाणा लांबट, साधारण ४ ते ६ मिलिमीटर, खडबडीत, एका टोकाला निमुळता, काळपट असतो. नखाने मोडला तर आतून फिकट निघतो.

तीन गोष्टींशी गल्लत होते. काणी या दुसऱ्या बुरशीरोगाची गाठ चुरगळली की काळी भुकटी उडते. अरगटची भुकटी होत नाही, ते तुटतं. उंदराची लेंडी ओल्या बोटाने चोळली की विरघळते आणि वास येतो. धोतऱ्याचं बी चपटं, मूत्रपिंडाच्या आकाराचं, पिवळट-तपकिरी असतं. तेही विषारीच आहे, त्यामुळे दिसलं तर काढायचंच.

ज्वारीत काम अवघड आहे. तिथलं अरगट पुष्कळदा कुसातच अडकून राहतं आणि रंगाने पांढुरकं ते तपकिरी असतं, म्हणून चटकन डोळ्यात भरत नाही. ज्वारीच्या मातेऱ्यात दाणा न सुटलेली फुलं, एकमेकांना चिकटलेले दाणे, पांढऱ्या पापुद्र्याचे तुकडे जास्त दिसले तर तो माल दुभत्या जनावराला घालू नका.

दळलेल्या किंवा भरडलेल्या खुराकात यातलं काहीच दिसत नाही. म्हणून तपासणी दाण्यावरच करायची, भरडण्याआधी. गिरणीत नेलेला माल परत ओळखता येत नाही आणि साफही करता येत नाही.

किती आहे ते मोजा

'थोडंसं आहे' या अंदाजावर जाऊ नका. मोजायला अर्धा तास पुरतो.

प्रत्येक पोत्यातून वर, मध्ये, तळाशी आणि दोन्ही कडांना असं पाच ठिकाणी हात घालून मूठ-मूठ दाणा काढा. अरगट हलकं असल्याने पोतं हलवलं की एका थरात गोळा होतं, त्यामुळे फक्त वरचा दाणा पाहून निष्कर्ष काढला तर हमखास चुकतो. सगळ्या मुठी ताडपत्रीवर एकत्र करून चांगल्या मिसळा, गोल ढीग पसरा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन परत टाका. साधारण १ किलो उरेपर्यंत हेच करा.

त्या एक किलोतले अरगटचे दाणे आणि त्यांचे तुकडे वेचून काढा. तुकडे सोडू नका. थ्रेशरमध्ये अरगट मोडतं आणि मोडलेले तुकडे बाजरीच्याच मापाचे होतात. वेचलेलं सगळं ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या डिजिटल काट्यावर तोला. घरी नसेल तर सोनाराकडे जा. घरचा किराणा काटा इथं काही कामाचा नाही.

एका किलोत अर्धा ग्रॅम म्हणजे ०.०५ टक्का. माणसाच्या खाण्यातल्या बाजरी-ज्वारीसाठी भारतात अरगटची हीच कमाल मर्यादा आहे. युरोपात न दळलेल्या पशुखाद्य धान्यासाठी एक किलोत १ ग्रॅम ही मर्यादा आहे, पण ती तिथल्या राय-गव्हावरच्या अरगटसाठी ठरवलेली. बाजरीला तिचा आधार घेऊ नये. गोठ्यासाठी आमचा सल्ला असा: शेवटच्या तीन महिन्यांतलं गाभण आणि दुभतं जनावर यांच्या खुराकात डोळ्याला दिसणारं अरगट एकही नको. बैल, भाकड गाय यांना अर्ध्या ग्रॅमच्या आतला माल चालवता येईल, तोही पाखडून. अर्ध्या ग्रॅमच्या वर गेला तर मिठाच्या पाण्यातून काढून पुन्हा मोजायचा. किलोत ५ ग्रॅमच्या वर अरगट निघालेलं मातेरं धुण्याच्या भानगडीत न पडता नष्ट करावं. त्यात वाचणारा दाणा मीठ आणि मजुरीच्याही किमतीचा नसतो.

चांगल्या धान्यात मिसळून प्रमाण पातळ करायचा मोह होतो, पण तसं करू नका. फावड्याने कितीही कालवलं तरी हलके तुकडे एकसारखे पसरत नाहीत आणि एखाद्या घमेल्यात नेमकं सगळं येतं.

मिठाच्या पाण्यातून काढणं

अरगटचा दाणा धान्यापेक्षा हलका असतो. साध्या पाण्यात तो पुष्कळदा बाजरीबरोबर बुडतो, मिठाच्या दाट पाण्यात मात्र वर येतो. प्रमाण आहे १० लिटर पाण्याला २ किलो मीठ. जास्त माल असेल तर प्लास्टिकच्या ड्रममध्ये १०० लिटर पाणी आणि २० किलो मीठ घ्या. लोखंडी टाकी गंजते, ती वापरू नका. खडेमीठ चालतं, पण खडा पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायला हवं. तळाशी मीठ बसून राहिलं आणि वरचं पाणी पातळ असलं तर अरगट तरंगत नाही, आणि लोक म्हणतात उपाय खोटा आहे. अंडं तरंगलं म्हणजे पाणी तयार, असंही समजू नका. अंडं यापेक्षा बरंच कमी मीठ असतानाही तरंगतं.

आधी धान्य वाऱ्यावर उफणून घ्या, म्हणजे फोलकट निघून जाईल आणि पाण्यावर नुसता भुसा साचणार नाही. मग १० लिटरला ३ ते ४ किलो या हिशेबाने धान्य हळूहळू सोडा. एकदम ओतलं तर दाण्यांखाली अरगट दाबलं जातं. काठीने तळापासून ढवळा, पाच-दहा मिनिटं थांबा, वर आलेलं सगळं चाळणीने काढून घ्या. पुन्हा ढवळा, पुन्हा काढा. दुसऱ्या वेळीही बरंच वर येतं. पहिल्यानंतर थांबणं ही नेहमीची चूक. तिसऱ्यांदा काहीच आलं नाही की धान्य उपसा.

उपसलेलं धान्य साध्या पाण्याने तीन वेळा धुवा. मग ताडपत्रीवर बोटाच्या पेराएवढ्या जाडीचा थर करून उन्हात वाळवा आणि तासातासाने हलवा. बियाण्यासाठी असेल तर सावलीत वाळवा. दाताखाली दाणा कट् आवाज करून फुटेपर्यंत पोत्यात भरायचा नाही. अर्धवट वाळलेल्या दाण्यात चार दिवसांत दुसरी बुरशी येते आणि एक विष काढून दुसरं घातल्यासारखं होतं. ढगाळ दिवस असतील तर हे काम पुढे ढकला.

त्याच पाण्यात तीन-चार घाण्या निघतात. पाणी कमी झालं तर पाणी आणि मीठ दोन्ही त्याच प्रमाणात घाला. शेवटी उरलेलं खारं पाणी ढोरं चाटतील अशा डबक्यात किंवा वावरात सोडू नका. रस्त्याकडेच्या पडीक जागी खड्डा करून त्यात ओता.

काढलेलं अरगट उकिरड्यावर गेलं तर शेणखताबरोबर पुन्हा वावरात येतं. कोंबड्यांपुढेही टाकू नका. वाळवून जाळा किंवा दीड-दोन फूट खोल पुरा.

धुतल्यावर पुन्हा एक किलोचा नमुना मोजा. हे वगळलं तर सगळी मेहनत अंधारातली. आणि हे सगळं अख्ख्या दाण्यालाच लागू आहे. शिजवून, उकळून, रात्रभर भिजवून विष जाईल यावर विसंबू नका. ही द्रव्यं चुलीच्या आचेला दाद देतीलच असं नाही. मुरघास केल्यानेही खात्री मिळत नाही. बाजारात मिळणाऱ्या विषशोषक भुकट्या इतर बुरशीविषांवर कमी-अधिक चालतात, पण अरगटच्या बाबतीत त्यांच्यावर भरवसा ठेवून खराब माल खाऊ घालण्यात शहाणपण नाही.

कडबा आणि सरमड

अरगट कणसात असतं. ताट आणि पान खाऊन ही विषबाधा होत नाही, तेव्हा बाजरीचं सरमड (कणसं काढून उरलेली वाळकी ताटं) सरसकट टाकून देऊ नका. अडचण फुटव्यांची आहे. मुख्य कणसं खुडून नेली जातात आणि मागाहून निसवलेल्या फुटव्यांची खुरटी कणसं सरमडावरच राहतात. हे फुटवे फुलतात तेव्हा वावरातला पराग संपत आलेला असतो, त्यामुळे त्यांच्यावर अरगट जास्त धरतं. कुट्टीत गेल्यावर ते दिसतही नाही. पेंढ्या बांधतानाच शेंडे पाहा, अरगटची कणसं कोयत्याने छाटून वेगळी करा. सालदाराला नुसतं सांगून भागत नाही, रोगट कणीस एकदा हातात देऊन दाखवा.

हिरव्या चाऱ्याचं बाजरीत सोपं आहे: कणीस निसवण्याआधी कापून मोकळं व्हा. ज्वारीत तसं करता येत नाही, कारण कोवळ्या, पाण्याच्या ताणातल्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्लाचं विष असतं आणि ती निम्मी फुलल्यावरच कापायची असते. नेमका तोच काळ अरगट शिरण्याचा असतो. तेव्हा निम्मा फुलोरा दिसला की आठवडाभरात कापणी संपवा. कणसं हाताला चिकटू लागली असतील तर शेंडे तोडूनच चारा घाला. रब्बीची दादर ज्वारी कोरड्या हवेत फुलते, तिच्या कडब्याबद्दल ही काळजी बरीच कमी. बांधावरचा बरू आणि अंजन गवत यांच्या तुऱ्यांवरही ही बुरशी जगते, म्हणून फुलोऱ्याच्या आधी बांध कापून ठेवा.

जनावर आजारी दिसलं तर

संशयित खुराक त्याच वेळी पूर्ण बंद करा. 'संपेपर्यंत थोडा-थोडा' असं नको. त्या जागी सरकी ढेप, तुरीची चुनी, गव्हाचा कोंडा आणि स्वच्छ कडबा द्या. ढेप बुरशीचा वास येणारी नसावी. त्या पोत्यातला किलोभर दाणा कागदी किंवा कापडी पिशवीत तारीख लिहून ठेवा. प्लास्टिकमध्ये घाम धरतो आणि नमुना बिघडतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरतं पथक बोलवा.

डॉक्टर आल्यावर पहिलं वाक्य खुराकाबद्दलचं असू द्या: कोणतं धान्य, कधीपासून, रोज किती, किती जनावरांना. दुधाची गेल्या पंधरा दिवसांची मापं लिहून दाखवा. डेअरीच्या पावत्या असतील तर त्याच काढा. गर्भाशय आवळण्यासाठी वापरलं जाणारं मेथिल एर्गोमेट्रिन हे अरगटपासूनच आलेलं औषध आहे. नुकत्या व्यायलेल्या जनावराच्या अंगात आधीच अरगट आहे हे डॉक्टरांना माहीत असायलाच हवं.

याला उतारा असा नाही. पोटात नुकतंच गेलं असेल तर डॉक्टर कोळशाची भुकटी पाजतात. बाकी सलाईन आणि लक्षणांप्रमाणे उपचार. आपल्या हातात आहे ते सावली, मुबलक पाणी, उन्हाळा असेल तर गोठ्याला ओल्या गोणपाटाचे पडदे आणि दुपारी अंगावर पाणी. हिवाळ्यात उलट, पाय कोरडे आणि ऊबदार ठेवा. थंडीने रक्तवाहिन्या आणखी आवळतात.

खुराक बंद केल्यावर भूक आधी परतते, दूध मागाहून हळूहळू चढतं. लवकर पकडलं तर चांगलं चढतं. विण्याआधीपासूनच कास मेली असेल तर त्या वेतात पूर्ण दूध मिळेल अशी आशा धरू नका. पारडाचा जीव मात्र वाचवता येतो. त्याला दुसऱ्या नुकत्या व्यायलेल्या जनावराचा चीक पाजा. २५ किलोच्या वासराला जन्मल्यापासून दोन तासांत दोन ते अडीच लिटर आणि पुढच्या बारा तासांत तेवढाच पुन्हा. म्हणून गावात कुणाची म्हैस कधी वितेय हे आधीच विचारून ठेवा. दिवस उलटल्यावर दिलेल्या चिकाचा रोगप्रतिकारासाठी फारसा उपयोग होत नाही.

रोज एकदा कानाची टोकं, शेपटीचं टोक आणि खुरावरचा भाग हाताने चाचपा. एका ठराविक रेषेखाली गार आणि रेषेवर कोमट लागलं, जनावर लंगडू लागलं तर रक्तपुरवठा तुटतो आहे. मेलेला भाग परत येत नाही, पण जखम सडू न देणं शक्य असतं. तशा वेळी आणखी एक शक्यता डॉक्टरांपुढे मांडा. नवापूरकडे भाताचा पेंढा खाणाऱ्या म्हशीत असं झालं असेल तर पेंढा बुरशीचा होता का ते पाहायला हवं. ओल्या, बुरसटलेल्या पेंढ्यामुळे शेपटी-कान-पाय सडणारा देगनाला नावाचा आजार वेगळा आहे आणि त्याचा उपचारही वेगळा.

गल्लत होणारे बाकीचे आजार: कास गरम, सुजलेली आणि दुधात गाठी असतील तर कासदाह. तोंडात आणि खुरांच्या बेचक्यात फोड, लाळेच्या तारा असतील तर लाळ्या-खुरकूत. ज्वारी खाल्ल्यापासून काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत धाप, थरथर आणि कोसळणं झालं तर हायड्रोसायनिक आम्लाची बाधा. तिथं एक मिनिटही घालवू नका, तिला उतारा आहे. सातपुड्यातल्या पाड्यांवर ओलसर राहिलेला कोद्रा (एक भरड धान्य) खाऊन ढोरं गुंगतात. त्याचं कारण दुसऱ्या बुरशीचं सायक्लोपियाझोनिक आम्ल, पण दिसायला प्रकार बराचसा असाच.

गोठ्यात अरगट सापडलं तर घरच्या कोठीतली त्याच वावरातली बाजरीही त्याच दिवशी मोजा. १९५६-५७ मध्ये जुन्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात आणि १९७५ मध्ये राजस्थानात अरगटयुक्त बाजरी खाऊन माणसांना मळमळ, उलट्या, गरगर आणि गुंगीचा त्रास झालेला आहे.

पुढच्या हंगामासाठी वावरात

रोग वावरात आला की पुढचं सगळं निस्तरणं असतं. अरगट पडलेल्या वावरात उन्हाळ्यात खोल नांगरट करा. गाडला गेलेला काळा दाणा उगवून वर येऊ शकत नाही. पुढच्या वर्षी तिथं मूग, उडीद किंवा तूर घ्या. संकरित बाजरीचं घरचं बी ठेवू नका आणि दुसरं कुठलंही साधं बी पेरण्याआधी वरच्याच मिठाच्या पाण्यातून काढा. पाऊस झाल्याबरोबर पेरा, कारण उशिराची बाजरी नेमकी ढगाळ दिवसांत फुलते. वाण आणि फुलोऱ्यातल्या फवारणीबद्दल धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातल्या बाजरी संशोधन केंद्रात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात त्या-त्या वर्षीची शिफारस विचारून घ्या.

फुलोऱ्यापासून दाणा भरेपर्यंत दर तीन दिवसांनी सकाळी वावरात फेरी मारा. चिकट थेंब दिसलेली कणसं पिशवीत धरून कापा, मोकळी ओढत नेऊ नका, थेंब वाटेतल्या कणसांना लागतात. पिशवी बांधावर रिकामी न करता वावराबाहेर नेऊन जाळा. कापणीच्या वेळी उरलेली रोगट कणसं आधी खुडून वेगळी काढा, मग बाकीची खळ्यावर न्या. थ्रेशरमध्ये एकदा मोडलेलं अरगट वेचायला लागतो त्याच्या दहाव्या हिश्शाएवढाही वेळ इथं लागत नाही.